फुलदाणीचं चित्र

४ मार्च, सोमवार

ही वही बायकोने दिली. परवा माझा वाढदिवस झाला, त्याची भेट. म्हणाली, "घरी आलात की तोंडाला कुलूप. कामावरचं मला नाही सांगत, तर निदान वहीला सांगा."

सांगण्यासारखं असतं काय, हाच प्रश्न आहे. मी टीव्ही स्टेशनच्या मास्टर कंट्रोलमध्ये आहे. बातम्या असोत, मालिका असोत, जाहिराती असोत, सगळं शेवटी आमच्या खोलीतून जातं आणि मग लोकांच्या घरी पोचतं. समोर भिंतभर मॉनिटर, हाताखाली बटणांची फळी. कुठला कार्यक्रम कधी लागणार, जाहिरात कुठे पडणार याची यादी संगणकात असते. ती नीट पार पडते की नाही, ते डोळ्यांत तेल घालून बघायचं. चित्र काळं पडलं किंवा आवाज बंद झाला की भोंगा बोंबलतो आणि आम्ही धावतो. काहीच झालं नाही तर दिवस चांगला गेला. माझे बहुतेक दिवस चांगले गेलेत.

लोकांना वाटतं, हा दिवसभर टीव्ही बघतो, मजा आहे याची. मालिकेत नवरा मेला की बायको, हे विचाराल तर मला सांगता येणार नाही. पण त्या भागात रडण्याचा आवाज मर्यादेबाहेर गेला होता, हे नक्की सांगेन.

आज एवढं पुरे. हात दुखला.

५ मार्च, मंगळवार

साहेबांनी बोलावलं. साहेब म्हणजे आमचे मुख्य अभियंता. दर गुरुवारी दुपारी आमचा एक थेट कार्यक्रम असतो. लोक फोन करून घरातल्या अडचणी सांगतात आणि ताई सल्ला देतात. ताई म्हणजे पांढऱ्या केसांच्या, शांत बोलणाऱ्या बाई, सगळं गाव त्यांना ताईच म्हणतं. गेल्या आठवड्यात एका पठ्ठ्याने शेजाऱ्याचं पूर्ण नाव आणि घरनंबर सांगून त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. शेजारी दुसऱ्या दिवशी वकील घेऊन हजर.

म्हणून आता हा कार्यक्रम सात सेकंद उशिरा बाहेर जाणार. कोणी नको ते बोललं, की ते लोकांपर्यंत पोचायच्या आत मी लाल बटण दाबायचं. तेवढा तुकडा यंत्र गिळतं, फोनवाल्याचा आवाज स्टुडिओतही बंद होतो आणि पडद्यावर फुलदाणीचं चित्र येतं, सोबत मंद संगीत. चित्र साहेबांनी स्वतः निवडलंय, त्यामुळे चांगलं आहे असं सगळ्यांनी म्हटलं.

बटण दाबायचं तीन गोष्टींवर. शिवी, कुणाचं नाव-पत्ता, आणि आपलं स्टेशन किंवा इथली माणसं यांच्याबद्दल काहीही. "तिसरं आलं की विचार करत बसू नका," साहेब म्हणाले. "आणि गोष्टीत गुंतू नका. शब्द पकडा."

घरी सांगितलं. हिने हातातली शिवण बाजूला ठेवून ऐकलं.

"म्हणजे आता गुरुवारी तुम्ही प्रत्येक माणसाचं बोलणं ऐकणार?"

"ऐकावंच लागणार."

"नवीनच ऐकतेय," ती म्हणाली.

७ मार्च, गुरुवार

बटणाचा पहिला दिवस निर्विघ्न. एक गृहस्थ म्हणाले, "गाढवासारखा राबतो मी." बोट बटणावर टेकलं. गाढव ही शिवी की जनावर? स्वतःलाच म्हणतोय म्हणून सोडून दिलं.

पुढच्या पाळीला कर्णा आला. त्याचं नाव कर्णा पडलं, कारण त्याला हळू बोलताच येत नाही. विचारतो, "काय रे, लोकांची भांडणं ऐकून डोकं नाही का दुखत?" मी म्हटलं, भांडण कशावरून आहे हे कळलं तर दुखेल ना.

९ मार्च, शनिवार

आज सुट्टी. शेजाऱ्यांच्या टीव्हीत ओठ आधी हलतात आणि आवाज मागून येतो. आमच्या खिडकीतून त्यांचा पडदा दिसतो. एवढा फरक, आणि ती माणसं खुशाल बघत बसलीत! मला बसवेना. दोनदा उठून खिडकीशी गेलो.

तेव्हाच ही काहीतरी सांगत होती. तिला कुठल्याशा शाळेचं पत्र आलंय, शिवण शिकवायला बोलावतायत. वसतिगृहाचं काहीतरी म्हणाली. "सुट्ट्यांना येईनच मी घरी," असंही म्हणाली. आता सुट्टीच्या दिवशी माणूस घरी नाही येणार तर कुठे जाणार? मी तिला म्हटलं, "बघ, बघ, ओठ मिटले तरी बोलतोय."

तिने पत्राची घडी घातली. मग म्हणाली, "मग जाऊ का मी?"

"जा की."

"नक्की?"

"अगं, त्यात विचारायचं काय?"

बरंच झालं. लेक नोकरीला बाहेरगावी गेल्यापासून हिला घर खायला उठतं. दुपारचे दोन तास जातील तिचे.

फ्रिज पुन्हा गुरगुरायला लागलाय. गुरगुरतो, गुरगुरतो आणि ढक् करून थांबतो. ही म्हणते, दुरुस्तीवाल्याला बोलवा. मी म्हणतो, थंड करतोय ना? मग?

१२ मार्च, मंगळवार

ही सकाळी चहा देताना परत शाळेवर आली. शुक्रवारपर्यंत कळवायचं आहे म्हणे. मी म्हटलं, "कळव की." डोकं कामावर होतं, कारण दुपारी बातम्यांच्या मध्ये एकच जाहिरात लागोपाठ दोनदा पडते आहे आणि कारण सापडत नाही.

संध्याकाळी पुन्हा तेच. "तुम्हाला चालेल ना?" मी जेवत होतो. मान हलवली. ती म्हणाली, "बोलून सांगा." मी म्हटलं, "चालेल." मग दोघंही गप्प बसलो, आणि मला शांतता सहन होत नाही. हा कामाचा रोग आहे, आमच्याकडे शांतता झाली की भोंगा वाजतो. मी उठून टीव्ही लावला.

जाहिरातीचं कारण सापडलं. यादीत तीच ओळ दोनदा होती. साधी गोष्ट, पण दोन दिवस जीव टांगणीला लावला.

१४ मार्च, गुरुवार

आज बटण दाबलं!

चौथा फोन एका बाईंचा होता. नाव विचारलं, तर "एक गृहिणी म्हणा" म्हणाल्या. लाइन अगदीच वाईट. आवाज बारीक म्हणून मी वर घेतला, तर त्याच्याखालची गुरगुरही वर आली. त्यात बाईंनी घरातला टीव्ही चालूच ठेवलेला. फोन करताना टीव्ही बंद करा म्हणून घसा कोरडा पडेपर्यंत सांगतो आम्ही, कोणी ऐकेल तर शपथ. मध्येच मागे ढक् झालं आणि गुरगुर एकदम थांबली. मला वाटलं, लाइनच गेली. पण बाई बोलतच होत्या. शाळा, घर, तीनदा सांगितलं, असंच काहीतरी. ओठ आधी, आवाज मागून, असंही काही म्हणाल्या. मी मनात म्हटलं, बाई, मग टीव्ही बंद करा ना!

शिवी नव्हती, नाव नव्हतं. आणि एकदम, "आमचे हे तुमच्याच स्टेशनमध्ये..." दाबलं! एक अक्षर बाहेर जाऊ दिलं नाही. पडद्यावर फुलदाणी. साहेब स्वतः खोलीत आले आणि पाठीवर थाप मारून गेले. एवढ्या वर्षांत ही दुसरी थाप. पहिली चुकून बसली होती, ती कर्ण्यासाठी होती.

घरी आलो तर ही दारातच उभी. "कसा गेला दिवस?"

"आज दाबलं बटण."

"बघितलं मी. फुलदाणी आली."

"वेळेवर आली ना?"

ती माझ्याकडे बघत राहिली. "मला काही विचारायचं नाही तुम्हाला?"

"काय विचारायचं?"

"आणि दाबताना काही वाटलं नाही?"

मी जरा मिजाशीतच होतो. म्हटलं, "वाटायचंय काय? नियम म्हणजे नियम. उद्या घरचं माणूस असतं, तरी दाबलं असतं."

"बरं," ती म्हणाली, आणि आत गेली.

आमटीत मीठ नव्हतं. मी काही बोललो नाही. एखाद दिवस होतं.

१५ मार्च, शुक्रवार

हिने शाळेला पत्र टाकलं. मला दाखवलं आधी. मी म्हटलं, छान, अक्षर सुरेख आहे.

१८ मार्च, सोमवार

ही फार शहाण्यासारखी वागते आहे. चिडत नाही, टोमणा नाही. फ्रिजबद्दलही बोलत नाही. मला वाटतं, शाळेचं ठरल्यामुळे मन रमलंय.

माळ्यावरची मोठी बॅग काढून गॅलरीत ठेवलीय, वास जावा म्हणून. शिवणाच्या कात्र्या धार लावून आणल्या. दोन तासांच्या शिकवणीला एवढी तयारी! पण ती पहिल्यापासूनच अशी आहे, काम हातात घेतलं की जीव ओतते.

रात्रीचं जेवण चालू असताना फ्रिज ढक् करून थांबला. मी हसून म्हटलं, "परवाच्या त्या बाईच्या घरीही असलाच फ्रिज असावा बघ." तिने घास तसाच ताटात ठेवला. म्हणाली, "थट्टा करताय?" मी म्हटलं, नाही बाबा, खरंच सांगतोय. ती उठून गेली. फ्रिजचा विषय काढायला नको होता. दुरुस्तीवाल्याला बोलावलं पाहिजे.

२१ मार्च, गुरुवार

आजच्या कार्यक्रमात बटणाला काम नव्हतं. पण तीन जणांनी फोन करून ताईंना विचारलं, गेल्या वेळच्या त्या बाईंचं काय झालं? त्यांचं बोलणं मध्येच तुटलं, आता त्या काय करणार? लोकांना एवढं लक्षात राहतं, याचं मला नवल वाटलं.

कार्यक्रम संपल्यावर ताई साहेबांना म्हणाल्या, "त्या बाईंना उत्तर द्यायला हवं, आणि त्यासाठी त्या काय म्हणाल्या ते मला कळायला हवं. मला अर्धंच ऐकू आलं." फोनवरचं सगळं बोलणं वेगळं रेकॉर्ड होत असतं, उद्या कोणी कोर्टात गेलं तर पुरावा म्हणून. ते ऐकून शब्दन्‌शब्द उतरवून द्यायचं काम माझ्याकडे. बटण मी दाबलं, तर ते निस्तरायचंही मीच.

उद्या बसतो.

२२ मार्च, शुक्रवार

काय घडलं ते आता सरळ लिहितो.

कानाला हेडफोन लावून बसलो. एक वाक्य ऐकायचं, थांबवायचं, लिहायचं. आवाजाची पातळी दाखवणाऱ्या सुया बघून लिहिता येत नाही. ऐकावं लागतं. जे उतरवलं ते असं:

"ताई, मला एका शाळेने बोलावलंय, शिवण शिकवायला. मुलींचं वसतिगृह आहे, तिथेच राहावं लागेल. गाव लांब आहे, सुट्टीशिवाय येता येणार नाही. मला जावंसं वाटतं आणि घरही सोडवत नाही. घरी तीनदा सांगून झालं. पहिल्यांदा सांगितलं, तेव्हा आमचे हे खिडकीशी उभे होते. मला म्हणाले, बघ, शेजाऱ्यांच्या टीव्हीत ओठ आधी हलतात आणि आवाज मागून येतो."

इथे थांबवलं. मागे नेलं. परत ऐकलं.

आधी मी स्वतःला ओळखलं. मग तिला.

आवाज तिचाच होता. फोनमुळे बारीक झालेला, पण "सोडवत नाही" म्हणताना शेवटी आवाज खाली सोडायची तिची पद्धत आहे. ती गुरगुर आमच्या फ्रिजची. ते ढक् आमच्या स्वयंपाकघरातलं. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली आणि मी तिला शेजाऱ्यांच्या टीव्हीवरून ओळखलं. तोंडात मारल्यासारखं झालं. खोलीत कोणी नव्हतं, तरी मान वर करवेना.

पुढचं मी दाबलं, त्यानंतरचं आहे. स्टुडिओत कोणाला ऐकू गेलं नाही. ती बोलतच होती.

"आमचे हे तुमच्याच स्टेशनमध्ये असतात. आत्ता माझा आवाज त्यांच्या हाताखालून जातोय. मला बघायचंय, ते ओळखतात का. संध्याकाळी घरी येऊन नुसतं एवढं विचारलं, की ती तूच ना, तरी मी शाळेला नाही म्हणून कळवीन..."

मग मागून तिच्या टीव्हीत आमचं फुलदाणीचं संगीत सुरू झालं. ती थांबली. थोडा वेळ नुसतं संगीत. मग ती म्हणाली, "बरं." आणि फोन ठेवला.

घरी गेलो तेव्हा ती ब्लाउजला काजं करत होती. मी समोर बसलो. म्हटलं, "ती तूच होतीस."

तिने वर बघितलं नाही. "आठ दिवसांनी विचारताय?"

"आज कळलं."

"आज काय कळलं?"

"ती तू होतीस ते."

आता सुई थांबली. "थांबा. म्हणजे तेव्हा ओळखलंच नव्हतं तुम्ही?"

"नाही."

"घरचं माणूस असतं तरी दाबलं असतं म्हणालात."

"ते आपलं बोलण्याच्या भरात. मला माहीत नव्हतं गं."

ती हसली. मला त्या हसण्याची भीती वाटली. म्हणाली, "आठ दिवस मी जळत होते. वाटत होतं, यांनी ओळखलं आणि ओळखून दाबलं. पण त्यातल्या त्यात एक बरं वाटायचं, की निदान ओळखलं तरी. आता तेही गेलं."

खोटं सांगितलं असतं तर बरं झालं असतं का? खरं सांगितलं म्हणून तिला जास्त लागलं, हे दिसत होतं. अजूनही ठरवता येत नाही.

मी विचारलं, "आता जाऊ नकोस म्हटलं तर?"

"कळवून झालंय." मग सुईत दोरा ओवत म्हणाली, "आणि खरं सांगू? पत्र टाकलं तेव्हा रागात टाकलं. आता राग बाजूला ठेवला तरी जावंसं वाटतंय. तिथे चाळीस मुली आहेत. मी सांगितलं की त्या मान वर करून बघतील तरी."

२५ मार्च, सोमवार

उतारा साहेबांना दिला. म्हटलं, "साहेब, हा आवाज माझ्या घरचा आहे. माझ्या बायकोचा."

त्यांनी चष्मा काढला. "आणि तरीही दाबलंत?" उठून हात मिळवला. "याला म्हणतात निष्ठा."

मी खरं काय ते सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांना फोन आला. नंतर सांगितलं नाही. लाजच वाटली.

स्टेशनचा उल्लेख असलेल्या ओळींवर त्यांनी लाल रेघ मारली आणि बाकीचं ताईंकडे पाठवलं. संध्याकाळी जिन्यात ताई भेटल्या. लाल रेघेखालचंही वाचता येत होतं त्यांना. म्हणाल्या, "तुम्ही घरी काय बोललात, ते मी विचारत नाही. पण गुरुवारी मी हे सगळं वाचणार आहे. तुमचं काम तुम्ही करा."

२८ मार्च, गुरुवार

ताईंनी वाचलं. कॅमेऱ्याकडे बघून, सावकाश. शाळा, वसतिगृह, खिडकी, ओठ आणि आवाज. मी बटणावर बोट ठेवून बसलो होतो. मग त्या म्हणाल्या, "यानंतर या बाई काय म्हणाल्या, ते तुम्हाला ऐकू आलं नव्हतं," आणि वाचलं, "आमचे हे तुमच्याच स्टेशनमध्ये असतात."

तिसरा नियम. विचार न करता दाबायचं.

मी बोट काढलं आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले. सात सेकंद हातात असतात. ते गेले. वाक्य बाहेर पडलं, त्याच्यापुढचंही पडलं. "ती तूच ना" हेसुद्धा पडलं. समोरच्या मॉनिटरवर ताईंचा चेहरा, फुलदाणी नाही. आतला फोन वाजला. साहेब ओरडत होते. मी म्हटलं, "हो साहेब, ऐकलं मी. सगळं ऐकलं."

लेखी खुलासा मागितलाय. शिवाय बटण माझ्याकडून काढून कर्ण्याकडे दिलं. कर्णा खोलीत येऊन त्याच्या मते हळू आवाजात म्हणाला, "वहिनींना सांग, मी दाबणार नाही." बाहेरच्या शिपायालाही ऐकू गेलं.

ताईंनी शेवटी सल्ला काय दिला, हेही मी नीट ऐकलं. म्हणाल्या, "जावंसं वाटतंय तर जा. आणि ज्यांनी ऐकलं नाही, त्यांना रोज थोडं थोडं सांगत राहा. कान तयार व्हायला वेळ लागतो."

घरी आलो. ही स्वयंपाकघरात होती. म्हणाली, "आज फुलदाणी नाही आली."

"नाही."

"ओरडले असतील तुम्हाला."

"ओरडले."

तिने माझ्यासमोर ताट ठेवलं, आणि स्वतःचंही घेऊन बसली. बऱ्याच दिवसांनी बरोबर जेवलो. टीव्ही लावला नाही. बॅग भरलेली दाराशीच होती आणि ती तिथून हलली नाही.

३१ मार्च, रविवार

हिला बसवून आलो. स्टँडवर गाडी सुटायला वेळ होता, तर मी म्हटलं, सांग काहीतरी. म्हणाली, असं सांग म्हटल्यावर काय सांगू? मग सांगितलं. तिथल्या मुख्याध्यापिका कडक आहेत म्हणे. खोली पहिल्या मजल्यावर आहे, खिडकी पूर्वेला. शिलाई मशीनं जुनी आहेत, त्यांतली निम्मी बंद. गाडीत चढताना म्हणाली, "डाळीचा डबा डावीकडे आहे. लक्षात राहील?"

"डावीकडे."

गाडी गेली. मी तिथे जरा वेळ उभा राहिलो. फार वाईट वाटलं. घरी येऊन डबा बघितला, डावीकडेच होता.

७ एप्रिल, रविवार

संध्याकाळी तिचा फोन. मी खिडकी लावून घेतली आणि स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्ची ओढून बसलो. ती जे बोलली, ते सगळं लिहून ठेवतो.

एक मुलगी डावखुरी आहे, तिला कात्री चालत नाही, वेगळी मागवायला लागेल. दुसरी रोज रडते, पण मशीनवर बसली की रडायची थांबते. मुख्याध्यापिका दिसतात तेवढ्या कडक नाहीत, नाश्त्याला दोनदा वाढून घेतात. खिडकीतून सकाळी ऊन थेट उशीवर येतं, त्यामुळे गजर लागत नाही. चार मशीनं तिने स्वतः उघडून तेल घालून चालू केली. पाचव्याचा पट्टा तुटलाय. तिसऱ्या दिवशी घरची आठवण आली होती, मग गेली, काल परत आली.

मग विचारलं, "ऐकताय ना?"

"ऐकतोय."

"पट्टा कुठल्या मशीनचा तुटला?"

"पाचव्या."

त्यानंतर ती काही बोलली नाही. मीही बोललो नाही. उठून काही लावावंसं वाटलं, पण बसून राहिलो. बराच वेळ गेला असेल. मागे फ्रिज गुरगुरत होता आणि मग त्याने नेहमीसारखं ढक् केलं.

"अजून दुरुस्त नाही केला?" ती म्हणाली.

"उद्याच माणूस बोलावतो. नक्की."

"नको," ती म्हणाली. "राहू दे तसाच. मला इथे घर ऐकू येतं."

थोड्या वेळाने तो परत सुरू झाला. मी फोन घेऊन फ्रिजजवळ जाऊन उभा राहिलो.